झाकणबाईंचा ‘व’

ज्या बाईनं जन्मात एकदाही पिस्तूल झाडलं नाही, ट्रिगरवर ठेवायला जिच्या उजव्या हाताला पहिलं बोटच नाही, तिच्याकडे तुम्ही तुमच्या मुलीला नेमबाजी शिकायला पाठवाल का? लगेच मान हलवू नका. ‘हो, का नाही पाठवणार’ असं तोंडदेखलं म्हणणारे पुष्कळ भेटतात. नाव नोंदवायची वेळ आली की त्यांचंच पेन अडतं.

शिक्केकाकांचंही अडलं होतं, आणि ते काही वाईट मनाचे गृहस्थ नव्हते.

शिक्केकाका म्हणजे नेमबाजीच्या प्रशिक्षण केंद्रातले कारकून. या केंद्रात नेमबाज घडत नाहीत, नेमबाजांना शिकवणारे घडतात. लांबलांबच्या क्लबांतून माणसं येतात, सहा दिवस राहतात, लेखी परीक्षा देतात, शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक होतं, आणि पास झालेला माणूस कोच म्हणून प्रमाणपत्र घेऊन घरी जातो. त्या प्रमाणपत्राच्या उजव्या कोपऱ्यात गोल जांभळा शिक्का मारायचं काम काकांचं. तीस वर्षं ते शिक्का मारत आले होते, आणि मारायचे तोही असा की टेबलावरची टाचण्यांची डबी वीतभर उडावी. नाव उगाच पडलं नव्हतं. भिंतीपलीकडे रेंज होती, दिवसभर छऱ्यांचे फटफट आवाज यायचे, पण काकांनी कधी पिस्तुलाला हात लावला नव्हता. मधुमेही माणसानं मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसावं, तशी त्यांची नोकरी.

सोमवारी सकाळी नावनोंदणीच्या रांगेत बाविसावी ती होती. अंगात धुऊन धुऊन मऊ पडलेला राखाडी कोट, हातात कापडी पिशवी, वय चव्वेचाळीस. फॉर्म भरून तिनं पुढं सरकवला. काकांनी सवयीनं शिक्का उचलला आणि त्यांचा हात हवेतच राहिला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सफाई’.

“ताई, चुकून इथं आलात का? हे कोच व्हायचं शिबिर आहे.”

“ठाऊक आहे. म्हणून तर दोन बसगाड्या बदलून आले.”

“मग व्यवसायात कोच लिहायचं.”

“अजून झाले कुठं? शनिवारी झाले तर लिहीन. आत्ता खोटं कशाला लिहू?”

‘रेंजवरचा अनुभव’ या रकान्यात ‘एकोणीस वर्षं’. ‘सर्वोत्तम कामगिरी’समोर एक आडवी रेघ. काकांनी वर पाहिलं तेव्हा तिनं पेन कसं धरलंय ते त्यांच्या ध्यानात आलं. अंगठा आणि मधलं बोट. त्या दोघांमध्ये जिथं पहिलं बोट असायला हवं तिथं फक्त एक पेर, टोकाला गुळगुळीत, चकाकणारं.

तिच्या आधी नाव नोंदवलेला एक उमेदवार अजून तिथंच रेंगाळत होता. जाकिटावर इतकी पदकं आणि बिल्ले की चालताना तो वाजायचा. आठवडाभर सगळे त्याला पदकवाला म्हणूनच हाक मारणार होते. त्यानं फॉर्ममध्ये डोकावून पाहिलं.

“एकोणीस वर्षं झाडतायत बाई. अनुभव दांडगा आहे.”

रांगेतले चार जण हसले. ती वळली. “रोज दोनदा झाडते. तुम्ही आठवड्यातून किती वेळा झाडता?”

आता हसणारे आठ झाले, आणि पदकवाला वाजत वाजत निघून गेला. काकांनी शिक्का मारला, जरा बेतानं. मनात म्हणाले, जीभ धारदार आहे, पण शनिवारी या बाईला रिकाम्या हातानं परत जावं लागणार.

आता ही बाई कोण ते सांगायला हवं. काकांना हे सगळं त्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत तुकड्यातुकड्यांनी कळलं.

बाटल्यांची पत्र्याची झाकणं कापणाऱ्या एका कारखान्यात ती यंत्रावर होती. पत्रा सरकवायचा, पायानं दट्ट्या दाबायचा, वरून ठोकळा खाली यायचा, झाकण तयार. दिवसाला हजारोंनी. हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला एक जाळी असते. ती दुरुस्तीला म्हणून काढली होती आणि काढलेलीच राहिली. पंचविसाव्या वर्षी बोट गेलं. मुकादम म्हणाला, तुझं लक्ष नव्हतं. जाळी नव्हती हे कुणी कागदावर लिहिलं नाही. कारखान्यानं हात झटकले. झटकायला त्यांच्या हातांना पाचही बोटं होती.

मग गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात तिला झाडूकाम मिळालं. कुठल्याही रेंजवर असते तशी तिथं जमिनीवर एक पिवळी रेघ होती. नेमबाजी चालू असताना रेघेच्या पुढं नेमबाज आणि त्यांचा कोच, मागं बाकी सगळं जग. हिनं रेघेपर्यंत झाडायचं. नेमबाज घरी गेले की पुढं जाऊन भिंतीखालचे चपटे झालेले छर्रे गोळा करायचे आणि वापरलेले कागद रद्दीत टाकायचे. कागद म्हणजे वीतभर चौकोन, मधे काळं वर्तुळ, त्यात दिवसभराची भोकं.

ती ते कागद टाकायच्या आधी बघायची. सकाळी कुठल्या लेनवर कोण उभं होतं, कसं उभं होतं, हे तिला पाठ असायचं. संध्याकाळी भोकं बघायची आणि सकाळचा माणूस डोळ्यांपुढं आणायची. याचा खांदा वर गेला की भोक डावीकडे जातं. तिनं श्वास कोंडला की भोकं खाली उतरतात. असं एक वर्ष, चार वर्षं, एकोणीस वर्षं. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलं नाही. तिच्या दोन्ही मुलींनी शाळेचा अभ्यास त्याच कागदांच्या कोऱ्या पाठीवर केला.

कोटाच्या खिशात तिनं त्या कारखान्यातलं एक झाकण ठेवलं होतं. तीच तिची मोजपट्टी. भोकांवर झाकण ठेवायचं; सगळी भोकं त्याखाली गेली तर दिवस चांगला. हळूहळू क्लबातल्या मुलीच विचारायला लागल्या, मावशी, आज माझी किती झाकणं? त्यावरून ती झाकणबाई झाली. बिनडोक माणसालाही लोक झाकण म्हणतात, त्यामुळं हसणाऱ्यांची आयती सोय होती. ती स्वतः ते नाव मिरवायची.

एकदा एका मुलीचे छर्रे सारखे उजवीकडे जायला लागले. क्लबाचे म्हातारे कोच, ज्यांना सगळे जुने सर म्हणायचे, ते पिस्तूल उघडून दोन दिवस दोष शोधत बसले होते. रेघेमागून झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून बाई म्हणाली, “पोरी, बूट बदललेस ना गं?” बदलले होते. नव्या बुटाची टाच उंच होती. जुने घालून आली, छर्रे मधे आले. जुन्या सरांनी उघडलेलं पिस्तूल परत जोडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पिवळ्या रेघेच्या लगेच मागं एक स्टूल दिसलं, आणि ते बाईसाठी आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही.

पण जुने सर थकले, मुलाकडे राहायला गेले. त्यातच नवा नियम आला: पुढच्या मोसमापासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं रेघ ओलांडून कुणाला शिकवायचं नाही. त्या आडबाजूच्या क्लबात यायला कुणी कोच तयार होईना. सरावाला पाच मुली होत्या. कोच नाही तर रेंज नाही. जाताना सरांनी बाईच्या हातात शिफारसपत्र ठेवलं. म्हणजे हिशेब सरळ होता: शनिवारी हिला प्रमाणपत्र मिळालं तर पाच मुली नेमबाज, नाही मिळालं तर रेंजला कुलूप.

लेखी परीक्षेत तिला पन्नासपैकी सेहेचाळीस पडले. काकांनी बेरीज दोनदा तपासली.

“ताई, अभ्यास कुणी करून घेतला?”

“सासूबाईंनी. त्यांना वाचता येत नाही. नियमावलीचं पुस्तक मी मोठ्यानं वाचायचे, त्या ऐकायच्या. तीनदा वाचून झालं तेव्हा त्यांना सगळं पाठ. माझा एक शब्द निसटला तर तांदळातला खडा लागल्यासारखं तोंड करतात.”

“सगळं ठीक आहे,” काका आवाज खाली आणून म्हणाले, “पण उद्या प्रात्यक्षिक. दहा छर्रे झाडून दाखवावे लागतात. त्याचं काय करणार?”

“पुस्तकात लिहिलंय तेच करणार.”

शनिवार उजाडला. रेंजच्या हॉलमध्ये मधोमध टेबल, टेबलामागं मुख्य परीक्षक. त्यांना मोठे सर म्हणत. एके काळचे विजेते, मोजकं बोलणारे. बोलले की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा. शेजारी गुण लिहायला शिक्केकाका. एकेका उमेदवाराला एक तास असायचा, पण एवढा वेळ लागतो कुणाला? प्रत्येक जण यायचा, आपले दहा छर्रे झाडायचा, पास होऊन चहाला जायचा. पदकवाल्यानं तर दहाच्या दहा मधल्या काळ्यात घातले आणि परत येताना बाईला म्हणाला, “झाकण द्या हो जरा, मोजून घेऊ.”

“घ्या की,” तिनं खरंच काढून दिलं. “पण नंतर परत द्या. मला लागणार आहे.”

तिची पाळी आली. मोठ्या सरांनी तिचा उजवा हात पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

“नियमात डाव्या हाताला मनाई नाही. डाव्या हातानं झाडा. कागदाला लागले तरी पुष्कळ. मी समजून घेईन.”

“सर, राग मानू नका, पण समजून घेऊ नका. डाव्या हातानं माझे दहा दहा दिशांना जातील. तुम्ही दया करून पास कराल. मग मी मरेपर्यंत लोक म्हणतील, हिला बोट बघून प्रमाणपत्र दिलं. मला ते नको. पुस्तकात लिहिलंय तेवढं माझ्याकडून घ्या, एक अक्षर कमी नको.”

“पुस्तकात हेच लिहिलंय.” सरांनी फॉर्म उचलून वाचला. “कलम सात. उमेदवाराने दहा छऱ्यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे.”

“हा फॉर्म झाला. पुस्तक वाचा.” तिनं पिशवीतून नियमावली काढली. तिला खाकी कव्हर घातलेलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. “कलम सात. उमेदवाराने दहा छऱ्यांचे प्रात्यक्षिक करवून दाखवावे. करवून. मधे व आहे.”

“छापखान्याची चूक असेल,” पदकवाला मागून म्हणाला. “एका अक्षरानं काय होतंय?”

“सांगते काय होतं. हे वाक्य मी वाचलं तेव्हा सासूबाईंनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, परत वाच. मग म्हणाल्या, करून म्हणजे सून आणि करवून म्हणजे सासू. बावीस वर्षं मी तुझ्याकडून करवून घेतेय, मला फरक सांगू नकोस.”

हॉल खदखदून हसला. ती हसली नाही.

“झाडून दाखवतो तो नेमबाज. दुसऱ्याकडून करवून घेतो तो कोच. आता चूक कुठली सर? पुस्तकातली की फॉर्मातली?”

मोठ्या सरांनी पुस्तक हातात घेतलं. त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“हे वाक्य माझं आहे,” ते म्हणाले. “मी आणि माझे गुरू, दोघांनी मिळून हे पुस्तक लिहिलं. या एका शब्दावर आम्ही अख्खी दुपार भांडलो होतो. करून नको, करवूनच हवं, असा हट्ट माझा होता.” त्यांनी फॉर्म पुस्तकाशेजारी ठेवला. “आणि सहा वर्षं मी हाच फॉर्म हातात धरून इथं बसतोय. व गेला कुठं?”

व कुठं गेला ते त्या हॉलमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी जुना फॉर्म फाटला म्हणून काकांनी जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईनं नवा टाइप केला होता. अकरा वर्षं. म्हणजे शेकडो कोच. त्यातल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं, बाबा, तुला शिकवता येतं का? स्वतः झाडता येतं एवढ्यावर सगळ्यांच्या कागदावर काकांनी धाडकन शिक्का मारला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण समोर ती बाई उभी होती, आणि फॉर्मवर खोटं लिहायला नाही म्हणालेली काकांनी तिला ऐकलं होतं.

ते उठले. “सर, फॉर्म मी टाइप केला होता. तो व माझ्या हातून सुटला.”

झाकणबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. दुकानात कापड निवडणारी बाई बघते तसं ते बघणं होतं.

“काका, टाइप कुठल्या बोटानं करता?”

“हे एवढंच. पहिलं. एका बोटानंच करतो.”

“मग सर, माझा नवशिका ठरला. यांच्याकडून करवून दाखवते. एक तास माझा आहे ना?”

“अहो ताई, माझं वय छप्पन्न,” काका म्हणाले.

“पिस्तूल वय विचारत नाही. या.”

ती पिवळ्या रेघेपाशी आली आणि क्षणभर थांबली. एकोणीस वर्षं ती अशी रेघ ओलांडत आली होती, पण लोक गेल्यावर, हातात झाडू घेऊन. आज पलीकडे एक माणूस तिची वाट बघत उभा होता. तिनं पाऊल टाकलं.

पिस्तूल टेबलावर होतं, नळीतून नारिंगी दोरी ओवलेली, म्हणजे आत छर्रा नाही. तिनं तरी उघडून पाहिलं. काकांनाही पाहायला लावलं. “आधी हे. नळीचं तोंड कायम भिंतीकडं, बोट कायम बाहेर. इथं चुकलात तर पुढं शिकवणार नाही, तुमच्या टेबलावर परत पाठवीन.” मग तिनं नेमाचा कागद काढला आणि उलटा करून लावला. कोरा, पांढरा.

“काळं कुठाय?”

“नाही. काळं दिसलं की माणसाला हाव सुटते.”

रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर काकांनी दाबला. मनगटापासून सगळा हात गचकन खाली गेला.

“शिक्का मारलात,” ती म्हणाली. “तीस वर्षांची सवय आहे, एका तासात जायची नाही. पण दुसरी एक सवय असेल ना तुमच्या बोटाला? पाकिटाला गोंद लावल्यावर काय करता?”

“दाबून धरतो. चिकटेपर्यंत.”

“एकदम?”

“छे, एकदम दाबलं तर गोंद बाहेर येतो. हळूहळू वाढवत न्यायचं.”

“हां. ते बोट मला हवंय.”

आणि मग तिनं आपला उजवा हात पुढं केला. चार बोटं मिटलेली, मधे ते अर्धवट पेर. “हे पिस्तूल. हा ट्रिगर. दाबा.”

काका अवघडले. दुसऱ्याच्या जखमेला हात लावल्यासारखं वाटलं त्यांना.

“दुखत नाही, दाबा. एवढी माणसं पास करताना लाजला नाहीत.”

काकांनी तिच्या मुठीला आपला हात वेढला आणि बोट त्या पेरावर ठेवलं. ते गरम होतं, आणि दगडासारखं घट्ट. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. काकांनी दाबलं.

“डोळे मिटलेत,” ती म्हणाली.

मिटले होते. परत दाबलं.

“आता डावा खांदा आवळलात. सोडा. परत.”

परत. “श्वास अडकला.” परत. “घरचं काही तरी आठवलं.” बायकोनं येताना आणायला सांगितलेलं औषध त्यांना त्याच घटकेला आठवलं होतं.

तीस मिनिटं झाली, पस्तीस झाली. मोठ्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाई, अजून एकही छर्रा नाही.”

“बोट तयार होतंय सर. घाईत टाइप केलं की काय होतं ते आत्ताच बघितलंत.”

चाळिसाव्या मिनिटाला तिनं पहिला छर्रा दिला. काकांनी हात उचलला. फट. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात भोक. दुसरा खालच्या कडेला. पदकवाल्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं.

तिसऱ्याला काकांनी हात उचलला, बोट ट्रिगरवर आलं, आणि मागून शांत आवाज आला, “खाली घ्या.”

“अजून दाबला कुठं?”

“खालीच गेला असता. घ्या खाली. श्वास घ्या. परत.”

काकांनी पिस्तूल टेकवलं, बोट बाहेर काढलं आणि मान वळवून पाहिलं. ती कागदाकडे बघतच नव्हती. नजर त्यांच्या कोपरावर होती, आणि उजवा हात हवेत पुढं धरलेला, मूठ पिस्तूल पकडल्यासारखी.

“तुम्हाला कसं कळलं?”

“बोटाला कळलं.”

“कुठल्या?”

“जे नाही त्याला.” तिनं ते सहज सांगितलं, भाजी महागली असं सांगावं तसं. “कापल्यापासून ते तिथंच आहे काका. थंडीत ठणकतं, मधेच खाजतं, खाजवायला जावं तर काही नसतं. पहिल्या वर्षी वाटलं, वेड लागलं. मग रेंजवर लक्षात आलं, समोर कुणी ट्रिगर दाबायला लागलं की तेही दाबायला लागतं. डोळा खांदा बघतो, कान श्वास ऐकतो, आणि निकाल ते सांगतं. तुमचं बोट घाईला आलं की माझं आधी दचकतं. बस. उचला आता.”

चहाला गेलेले परत आले होते आणि दारातच थबकले होते. जाकिटावरचे बिल्ले वाजायचे थांबले होते.

तिसरा गेला. चौथा, पाचवा. सहाव्या छऱ्याचं काकांना नंतर कित्येक दिवस सांगता आलं नाही. पांढरा कागद होता, दूर, शांत. बोट पाकिटाचा कोपरा दाबत होतं, आणखी थोडं, आणखी थोडं. आणि मग छर्रा गेलेला होता. त्यांनी झाडला नव्हता. तो गेला होता. छप्पन्न वर्षांत प्रथमच त्यांच्या हातून एखादी गोष्ट धाड न करता झाली होती. मागून तिनं एवढंच म्हटलं, “हा तुमचा.”

दहा झाले. कागद टेबलावर आला. दोन भोकं भरकटलेली. बाकीची आठ एका तळव्याखाली मावतील इतकी जवळ, आणि शेवटची तीन एकमेकांना चिकटून. पदकवाला पुढं आला आणि त्यानं झाकण टेबलावर ठेवलं. बाईनं ते तीन भोकांवर सरकवलं. एकही बाहेर राहिलं नाही.

मोठ्या सरांनी स्वतःच्या हातानं झाकण उचललं, खालची भोकं पाहिली, परत ठेवलं. मग ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले आणि शिष्यानं मागावं तसं म्हणाले, “मी दाबून बघू?”

तिनं मूठ पुढं केली. एवढा मोठा विजेता, त्याचं बोट त्या पेरावर टेकलं. ती भिंतीकडे बघत राहिली.

“फार सुंदर बोट आहे सर,” ती हळूच म्हणाली. “फक्त अगदी शेवटी, सुटायच्या आधी, केसभर मागं घेता. कधी तरी काही तरी हातातून गेलंय का?”

सरांनी हात काढून घेतला. “शेवटची स्पर्धा,” ते म्हणाले. “इथंच गेली. वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

त्यांनी काकांकडून फॉर्म मागून घेतला, कलम सातमध्ये काळ्या शाईनं व घुसवला आणि जाहीर केलं की उरलेल्या एकवीस जणांचं प्रात्यक्षिक झालेलंच नाही, उद्या परत, सगळ्या लेनवर एकाच वेळी. रविवारी जी धमाल झाली ती सांगायला वेगळा दिवस लागेल. पदकवाल्याच्या वाट्याला उपाहारगृहातला आचारी आला. दहाव्या मिनिटाला पदकवाला म्हणाला, “आण इकडं, मी दाखवतो,” आणि पिस्तूल त्याच्या हातातून काढून घेतलं. तिथंच तो नापास झाला. आठ जणांना पुन्हा यायला सांगितलं, त्यांतला तो एक. जाताना झाकणबाईपाशी येऊन घुटमळला. “असं झाकण कुठं मिळतं हो?”

“नुसतं झाकण मिळून उपयोग नाही. रोज बसून मोजावं लागतं,” ती म्हणाली, आणि मग जरा नरमली. “या आमच्या रेंजवर. स्टूल रिकामं आहे.”

प्रमाणपत्रावर शिक्का मारायच्या आधी काकांनी तिचा सोमवारचा फॉर्म पुढं केला. “ताई, व्यवसाय. खोडून लिहिणार होतात.” तिनं पेन घेतलं. ‘सफाई’ खोडलं नाही. पुढं लिहिलं, ‘आणि कोच’. मग काकांनी शिक्का कागदावर टेकवला आणि दाबत नेला, आणखी थोडा, आणखी थोडा. डबीतली टाचणीही हलली नाही. शिक्क्याच्या कडेची बारीक अक्षरं तीस वर्षांत पहिल्यांदाच पुरती उमटली.

दोन महिन्यांनी काका दोन बसगाड्या बदलून त्या क्लबात गेले. निमित्त काही नव्हतं. पिवळ्या रेघेच्या मागं स्टुलावर एक म्हातारी बसली होती, काठी मांडीवर आडवी. रेघेच्या पुढं पाच मुली, आणि त्यांच्या मागं राखाडी कोट, उजवी मूठ हवेत. झाडू भिंतीला टेकवलेला होता. आता पाळीपाळीनं सगळ्या झाडायच्या, कोचसकट.

म्हातारीनं काकांना खालून वर न्याहाळलं. “तो व खाल्लेला तूच का रे?”

“हो आजी. मीच.”

“बस इथं. गप बस. माझी सून करवून घेतेय.”

काका जमिनीवरच बसले. पुढं एका मुलीनं हात उचलला. राखाडी कोटातली मूठ जराशी हलली, आणि ती शांतपणे म्हणाली, “खाली घे बाळ. परत.”

तुमच्यापुढं कधी ना कधी असा एखादा फॉर्म येईल. कुणाला शिकवू द्यायचं, कुणाला रेघेच्या मागं ठेवायचं, ते ठरवणारा. सही करायच्या आधी एकदा नीट वाचा, आणि त्यात व नसेल तर पेन काढा आणि तुमच्या हातानं लिहा.